वाजिदचे डोळे

वाजिदनं सुरमईचा कल्ला अंगठ्यानं उघडून बायकोसमोर धरला आणि विचारलं, "लाल हाय ना?"

आखातातल्या फहाहीलच्या मासळी बाजारात शुक्रवारी सकाळी एवढा गलका असतो की दोन टेबलं पलीकडचं बोलणं ऐकू येऊ नये. शशिकांतला ते ऐकू आलं. त्याच्या हातात झुबेदीची, म्हणजे इकडच्या पापलेटाची, पिशवी होती, पिशवीतलं गार पाणी चपलेवर ठिबकत होतं, आणि तो जागचा हलला नाही. फखरुन्निसानं वाकून कल्ला पाहिला, म्हणाली, "लाल हाय, घ्या." वाजिदनं मासा तोलायला दिला. झालं एवढंच. नवऱ्यानं बायकोला मासा दाखवला. पण हा माणूस हातभर अंतरावरून काडतुसाच्या पितळी पुंगळीवरची केसाएवढी चीर ओळखायचा. पन्नास पुंगळ्यांच्या ट्रेवरून नुसती नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "ती सातवी काढा, मान फाटणार तिची." भिंगाखाली धरली की तिथं खरंच चीर असायची. हर्णैच्या बंदरावर वाढलेला माणूस. टेबलाजवळ न जाता, लांबूनच, त्याला कालचा मासा आणि आजचा मासा कळायचा. त्याला आता कल्ल्याचा रंग बायकोला विचारावा लागत होता.

निघून जावं, हा पहिला विचार. मागच्या दारानं गेलं तर गाडी तिकडेच लावलेली होती. चौदा महिने त्यानं वाजिदला टाळलं होतं असं कुणी म्हणू शकलं नसतं. दोन्ही ईदला त्यानं फोन केला होता, तब्येत विचारली होती, बायकोनं, द्वारकानं, दिलेला चिवड्याचा डबा एकदा कुणाच्या तरी हाती पाठवला होता. समोरासमोर मात्र तो आला नव्हता. फोनवर चेहरा नसतो. तो दाराकडे वळलाही होता, तेवढ्यात फखरुन्निसाचा आवाज आला, "अवो, ते शशीभाऊ नव्हं?" आणि वाजिद वळला. वळून त्यानं डोळे बारीक केले, नक्की कोण ते ठरवायला दोन क्षण घेतले, आणि मग त्याचा सगळा चेहरा उजळला. मासळीनं ओले झालेले दोन्ही हात पुढे करून तो आला आणि शशिकांतचा हात त्यानं दोन्ही हातांत धरला. तो ओला, थंड, खवल्यांचा स्पर्श शशिकांतला घरी जाऊन हात धुतल्यावरही जाणवत राहिला.

वाजिद बारीक झाला होता. दाढी पूर्ण पांढरी. शुवैखला एका गोदामाच्या दारावर बसतो म्हणाला. "बरं काम हाय. गाड्या येतात, जातात. लिहायला दुसरा हाय. मला नुसतं बसायचं." मग त्यानं आनंदाची बातमी सांगितली. दोघांचा हजला नंबर लागला होता. पुढच्या महिन्यात गावी जायचं, तिकडून हज, आणि मग परत इकडे यायचं नाही. कायमचं. "बावीस वर्षं झाली वो. पुष्कळ झालं."

"अभिनंदन," शशिकांत म्हणाला.

"तुमच्याकडं येणारच होतो मी. हिला विचारा. यादीत तुमचं नाव वरती हाय." हजला जाण्याआधी ज्याचं ज्याचं आपल्या हातून काही वाईट झालं असेल त्याला भेटून माफी मागायची असते, हे शशिकांतला माहीत होतं. तरी वाजिदनं पुढचं वाक्य उच्चारलं तेव्हा त्याला आधी ते कळलंच नाही. "माझ्यामुळं तुमच्या खोलीच्या नावाला डाग लागला. तुमी एका शब्दानं बोलला नाय मला. माफ करा, शशीभाऊ."

आजूबाजूला बर्फ फोडण्याचा आवाज चालला होता. शशिकांतनं मान हलवली. माफ केल्यासारखी. ती मान हलली हे त्याला नंतर, गाडीत बसल्यावर, लक्षात आलं.

"आनि ती पोर," वाजिद म्हणाला, "आमिना. तिला भेटल्याशिवाय मी जाऊ शकत नाय. मला क्लबात आता कोन सोडणार? तुमी घेऊन चला. शनिवारी सकाळी ती येते ना अजून?"

येते, शशिकांत म्हणाला. दर शनिवारी येते. उद्या नाही, पुढच्या शनिवारी घेऊन जातो.

शशिकांत मूळचा नाशिकचा, इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. अहमदीत एका कंत्राटदाराकडे सोळा वर्षं त्यानं मोजमापाची यंत्रं तपासली, त्यांचे काटे शून्यावर आणले. कंत्राट संपलं तेव्हा कुणीतरी त्याला वाळवंटाकडच्या त्या शूटिंग क्लबात नेलं. क्लबाच्या नेमबाजांना स्पर्धेसाठी काडतुसं हातानं भरून देणारा माणूस हवा होता. कारखान्यातून आलेल्या दोन काडतुसांत किंचित फरक असतोच, आणि लांब पल्ल्यावर तो किंचित फरक वीतभर होतो. म्हणून पुंगळी पुन्हा पुन्हा वापरायची, साफ करायची, तिच्या बुडात ठिणगीची नवी टोपी बसवायची, काट्यावर दारू तोलून आत ओतायची, वर गोळी दाबून बसवायची. प्रत्येक बंदुकीचं माप वेगळं, प्रत्येक माणसाची वेगळी वही. शशिकांतचे वडील सराफ बाजारात दुसऱ्याच्या पेढीवर तोलायला बसायचे. तोलताना ते श्वास धरायचे. लहानपणी तो त्यांच्याकडे बघत बसे आणि आपलाही श्वास धरे. पन्नाशीनंतर, परक्या देशात, काचेच्या पेटीतल्या काट्यासमोर बसून त्यानं पहिल्यांदा दारूचे दाणे पारड्यात सोडले तेव्हा आपण श्वास धरलाय हे त्याला जाणवलं, आणि इतकं बरं वाटलं की तो काम नाकारू शकला नाही. द्वारका मात्र महाराष्ट्र मंडळात सांगताना "स्पोर्ट्स क्लबात असतात" एवढंच सांगायची. एकदा कुणीतरी विचारलं, नक्की करता काय हो? तो म्हणाला, गोळ्या बनवतो. त्या बाईंना वाटलं औषधाच्या. बराच वेळ त्या आपल्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिल्या.

वाजिद त्याच्याआधीपासून तिथं होता. नियम साधा होता. एकानं भरायचं, दुसऱ्यानं पाहायचं. ट्रेमध्ये पन्नास पुंगळ्या दारू भरून उभ्या असत, आणि वर गोळ्या बसवण्याआधी दुसऱ्यानं टॉर्च मारून प्रत्येकीत डोकावायचं. एखादीत कमी, एखादीत जास्त, एखादी रिकामी. रिकामी सगळ्यांत वाईट. तिच्यात टोपी फुटते, गोळी नळीत थोडी सरकते आणि अडकून बसते. नेमबाजाला वाटतं बार निघाला नाही, आणि तो दुसरं काडतूस घालून चाप ओढतो. मग नळी फुटते, गालाजवळ. म्हणून डब्यात चिठ्ठी असे. भरणार, शशिकांत. पाहणार, वाजिद. चार वर्षं त्यांनी असं काम केलं. बोलणं फारसं नसे. काडतुसं भरायच्या खोलीत फोन आणायची बंदी होती. दुपारी दोघं बाहेरच्या पायरीवर बसून चहा प्यायचे, वाजिद गावच्या होड्यांबद्दल सांगायचा, शशिकांत ऐकायचा. इतक्या वर्षांच्या परदेशात एवढी शांत मैत्री त्याला दुसरी मिळाली नव्हती.

तो दिवस जानेवारीतला गुरुवार होता. हे त्याला पाठ आहे. फोन त्यानं खिशात ठेवला होता, चुकून नव्हे, ठेवायची सवय लागली होती आणि कुणी पाहत नव्हतं. तीसएक पुंगळ्या भरून झाल्या असताना फोन थरथरला. द्वारका दुकानात उभी होती. कुकरची रिंग घ्यायची होती, आपला कुकर तीन लिटरचा की पाच लिटरचा? तो दाराबाहेर गेला, पाच म्हणाला, ती म्हणाली नक्की ना, तो म्हणाला नक्की. परत येऊन त्यानं नरसाळं उचललं आणि पुढच्या पुंगळीवर ठेवलं. पुढच्या की त्याच्या पुढच्या, हे तो आज सांगू शकतो, तेव्हा त्याच्या मनात नव्हतं. ट्रे संपला. वाजिद दुपारच्या असरच्या नमाजाला निघाला होता, दारात थांबून म्हणाला, "टॉर्च मारायची राहिली हाय, येऊन मारतो." आणि शशिकांत म्हणाला, "मी मारली. सही करून जा तुम्ही." का म्हणाला? त्याला लवकर आटपायचं होतं. ट्रेवरून त्यानं नजर फिरवली होती, टॉर्चशिवाय, वरवर, आणि नजर फिरवली म्हणजे पाहिलं असं त्याला वाटलं. वाजिदनं सही केली आणि तो गेला. शशिकांतनं गोळ्या बसवल्या. गोळी बसली की सगळी काडतुसं सारखी दिसतात.

महिन्यानंतर निवडीच्या सामन्यात तो रेषेच्या मागे उभा होता. आमिना चोवीस वर्षांची, क्लबातली सगळ्यात शांत नेमबाज. बाप तिला शाळेत असल्यापासून तिथं आणायचा. तिची वही शशिकांतनं स्वतः लिहिली होती. तिच्या बाराव्या गोळीला आवाज आला तो बार उडाल्याचा नव्हता. कुणी टाळी वाजवायला जावं आणि हात चुकावेत तसा. आजूबाजूला सगळ्यांच्या बंदुका धडधडत होत्या, त्यात तो कुणाला कळलाही नसता. शशिकांतला कळला. ओरडायला हवं होतं आणि त्याचा आवाज निघाला नाही. आमिनानं बोल्ट मागे ओढला, पुंगळी बाहेर पडली, तिचा हात पुढच्या काडतुसाकडे गेला आणि तिथं थांबला. किती वेळ थांबला कुणास ठाऊक. मग तिनं तो हात वर केला. पंच आले. नळीत गोळी अडकलेली सापडली. त्या वर्षीच्या संघात ती आली नाही, पण तिचा चेहरा होता तसा राहिला. शशिकांत सरळ खोलीत गेला, डब्यातली चिठ्ठी काढली, तारीख वाचली. वाचायची गरज नव्हती. कुकरची रिंग.

खोलीचा प्रमुख हमजा, पन्नाशीचा, तोंडानं मऊ माणूस. त्यानं दोघांना एकत्र बोलावलं. त्याच्यापुढे चिठ्ठी होती. भरणाऱ्याचा हात चुकणारच, हमजा म्हणाला, म्हणून तर पाहणारा ठेवलाय. आणि तो वाजिदकडे वळला. शशिकांतनंही वाजिदकडे पाहिलं. आता तो म्हणेल, यांनी सांगितलं की टॉर्च मारली. म्हणेल आणि आपण हो म्हणू. त्यानं तयारी केली होती, खरंच केली होती. पण वाजिद चिठ्ठीवरच्या आपल्या सहीकडे पाहत होता आणि त्याच्या कपाळावर प्रामाणिक आठ्या पडल्या होत्या. त्याला आठवत नव्हतं. त्याच्या दृष्टीनं तो शेकडो दिवसांसारखा एक दिवस होता. "सही माझी हाय," तो तुटक्या अरबीत म्हणाला, "म्हंजे मी पाहिलं असणार. पाहिलं असंल तर मला दिसलं नाय." ते शशिकांतला कळलं त्या क्षणी त्याच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. त्याला बरं वाटलं. पुढच्या चौदा महिन्यांत त्याला ज्या ज्या गोष्टींची लाज वाटली त्यांत या बरं वाटण्याची सगळ्यात जास्त वाटली.

तरी तेवढ्यावर थांबलं असतं तर तो गप्प राहिलेला माणूस झाला असता. गप्प राहणाऱ्याच्या बाजूनं काहीतरी बोलता येतं. पण वाजिद बाहेर गेल्यावर हमजानं त्याला थांबवून घेतलं आणि विचारलं, "तुझं काय मत? त्याची नजर ठीक आहे?" आणि शशिकांतनं श्वास धरला, तोलताना धरतो तसा, आणि म्हणाला, "अलीकडे डोळे चोळतो खरा. नंबर वाढला असेल." वाजिद डोळे चोळायचा. जानेवारीत धूळ उठली की सगळेच चोळतात. वाक्य खोटं नव्हतं. हे त्यानं स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की त्या वाक्याचे शब्द गुळगुळीत झालेत. त्याच्यावर तेव्हा कसलं संकटही नव्हतं. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती, लेकीची, सलोनीची, बारावी होऊन गेली होती, इथं राहायचा परवाना, इकामा, नुकताच वाढवून मिळाला होता. आपण कशासाठी बोललो ते वाक्य? याचं उत्तर त्याला बाथरूमच्या आरशातही सापडलं नाही. आपला हात चुकत नाही, एवढंच राखायचं होतं बहुतेक. वाजिदला क्लबानं महिन्याभरात सोडलं. आणि शशिकांतला खोलीची जबाबदारी दिली.

बाजारातून घरी येईपर्यंत त्याला वाजिदचं आणखी एक वाक्य ऐकू येत राहिलं. निघताना फखरुन्निसा पिशव्या उचलत होती आणि वाजिद त्याच्या कानाशी म्हणाला होता, "हमजासाहेबांनी सांगितलं मला. माझ्या डोळ्यांचं पहिलं तुमच्याच ध्यानात आलं. दुसऱ्या कुनाला आलं असतं? माझ्या घरच्यांनाबी नाय आलं." त्यानं हे आभार मानल्यासारखं सांगितलं.

ती झुबेदी द्वारकानं तळली आणि शशिकांतनं खाल्ली. चव लागली, हेही त्याला खुपलं. द्वारकाला सांगावं असं त्याला त्या आठवड्यात रोज वाटलं. सांगितलं असतं तर रिंगपासून सुरुवात करावी लागली असती, आणि ती म्हणाली असती, म्हणजे माझ्यामुळे? आणि मग तिची समजूत घालण्यात सगळं निघून गेलं असतं. क्लबात त्यानं आमिनाचे दोन डबे भरले. आता पाहणाऱ्याच्या जागी एक छोटा कॅमेरा होता, प्रत्येक पुंगळीचं चित्र पडद्यावर दाखवणारा. त्यानं प्रत्येक चित्र तीनदा पाहिलं. त्याचा हात चुकत नव्हता. आमिना डबे न्यायला आली तेव्हा नेहमीसारखी "थँक यू, अंकल" म्हणाली, झाकण न उघडता डबा पिशवीत टाकला आणि गेली. ती झाकण कधीच उघडत नसे.

पुढच्या शनिवारी त्यानं वाजिदला फहाहीलहून घेतलं. वाजिदनं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, मांडीवर मिठाईचा डबा होता. फखरुन्निसानं वरून, खिडकीतून हात केला. आदल्या दिवशीच्या धुळीनं आकाश पिवळट होतं, हमरस्त्यावर रहदारी कमी होती. वाजिद ओठ हलवत होता. शशिकांतला वाटलं दुआ म्हणतोय. मग तो म्हणाला, "एक बघा जरा. तिच्याशी इंग्लिशमधी बोलावं असं वाटतं. पाठ केलंय. 'माय आइज वेअर नॉट गुड. आय डिड नॉट नो. फरगिव्ह मी.' बरोबर हाय काय? 'वेअर' की 'वॉज'?"

"वेअर," शशिकांत म्हणाला. "वेअर बरोबर आहे."

"माय आइज वेअर नॉट गुड," वाजिद पुन्हा म्हणाला, सावकाश, शाळेतल्या मुलासारखा. "डॉक्टर बोलतो डोळे चांगले हायत. तीन डॉक्टर झाले. मी बोलतो, मग मला दिसलं कसं नाय? एक पोर मेली असती वो. तेव्हापासून माझा भरवसाच उडालाय. गाडी चालवत नाय मी आता. ही मला तांदूळ निवडायला देत नाय, म्हनजे देते, पन मागनं परत निवडते. मला दिसतं, ती लपून निवडते." तो हसला. "ते बरं दिसतं मला."

शशिकांतनं गाडी कडेला घेतली. ठरवून नव्हे. पाय ब्रेकवर गेला, गाडी खडीवर थांबली आणि मागून आलेला एक ट्रक हॉर्न देत निघून गेला. "पंक्चर?" वाजिदनं विचारलं. शशिकांतनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. आठवडाभर त्यानं जी वाक्यं जुळवली होती त्यातलं एकही आलं नाही. तो म्हणाला, "तुम्ही पाहिलंच नव्हतं, वाजिदभाई. तो ट्रे तुम्ही पाहिलाच नव्हता. मी तुम्हाला म्हणालो की मी टॉर्च मारली. मी मारली नव्हती." मग फोनबद्दल सांगितलं, कुकरबद्दल सांगितलं. शेवटी हमजाला काय म्हणालो तेही सांगितलं, ते वाक्य जसंच्या तसं. सांगताना तो समोरच्या रस्त्याकडे पाहत होता.

मग वाजिदनं विचारलं, "केवढा कुकर?"

"पाच लिटरचा."

"असरची वेळ," वाजिद म्हणाला. "थंडी होती. मी बोललो येऊन मारतो." तो आठवत नव्हता, त्याला दिसत होतं. शशिकांतनं मान वळवून पाहिलं आणि त्याला जे दिसलं त्याची त्यानं कधी कल्पना केली नव्हती. वाजिदनं आपले दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले होते आणि तो ते बघत होता. बोटं, नखं, मनगटावरचे पांढरे केस. मग त्यानं मान उचलून समोर पाहिलं, लांबवर, विजेच्या मनोऱ्यांच्या रांगेकडे, त्यावरच्या तारांकडे. "म्हनजे डोळे चांगले हायत माझे," तो म्हणाला. स्वतःशीच. आणि अर्धा मिनिट, फार तर अर्धा मिनिट, त्याच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता.

मग तो मावळला. "चौदा महिने मी डोळ्यांत थेंब घातले," तो म्हणाला. "तुमी ईदला फोन केलात. दोनदा केलात. मी हिला बोललो, बघ, असा मानूस. तिनं तुमच्या नावानं दुआ मागितली." शशिकांतला हुंदका आवरला नाही. "वाजिदभाई, मला माफ…" एवढं त्याच्या तोंडून गेलं आणि वाजिदनं हात वर केला. मारायला नव्हे, थांबवायला.

"ते नका बोलू. आता नको." त्यानं मिठाईचा डबा मांडीवर सरळ केला. "मी दारोदार फिरतोय दोन महिने. मन साफ करून जायचं, कुनाबद्दल काय ठेवायचं नाय. सगळं झालं होतं माझं. ही पोर तेवढी राहिली होती. आनि आज तुमी हे आनून ठेवलंत. आता मला तुमाला माफ करावं लागंल, नायतर माझं जानं खोटं. आनि मला करता येत नाय. तुमी हे तुमच्यासाठी सांगितलंत की माझ्यासाठी?"

शशिकांतला तुमच्यासाठी म्हणावं असं वाटलं, आणि ते पूर्ण खरं नव्हतं. सांगून टाकलं की हलकं वाटतं अशी त्याची समजूत होती. तसं काही झालं नव्हतं. पूर्वी लाज एका जागी होती, आत, त्याला तिचा पत्ता माहीत होता. आता ती गाडीभर झाली होती, वाजिदच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर, डब्याच्या सोनेरी दोऱ्यावर. परत फहाहीलला जाऊ या का, त्यानं विचारलं.

"नाय," वाजिद म्हणाला. "चला तिकडं. तिला कळायला नको?"

क्लबाच्या फाटकावर पहारेकऱ्यानं शशिकांतला सलाम केला आणि आत वाजिदकडे पाहून त्यालाही केला, जुन्या ओळखीनं. शशिकांतनं गाडी रेंजच्या बाजूला लावली. वाजिद उतरला नाही. पट्टाही काढला नाही. "तुमी जा," तो म्हणाला. "मी पाठ केलेलं आता काय कामाचं? मी काय सांगू तिला?"

आमिना छपराखाली चटईवर बसून बंदूक पुसत होती. काळी टोपी, कानावरचे संरक्षक गळ्यात उतरवलेले. शेजारी त्याचाच डबा होता. शशिकांत तिच्यासमोर उभा राहिला आणि इंग्रजीत सांगू लागला, उभ्यानंच, कारण बसावं असं त्याला वाटेना. इंग्रजीत ते फार लहान झालं. चार-पाच वाक्यांत संपलं. हमजाला काय म्हणालो ते सांगताना त्याला शब्द शोधावा लागला. आमिनानं मध्ये काही विचारलं नाही. तिचा हात फडक्यावर थांबला होता, आणि शशिकांतला तो हात ओळखू आला, सामन्याच्या दिवशी काडतुसाजवळ थांबलेला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं शेजारच्या डब्याकडे पाहिलं. मग, त्याच्यासमोर, पहिल्यांदाच, तिनं झाकण उघडलं. आतल्या काडतुसांच्या रांगांकडे ती थोडा वेळ पाहत राहिली. झाकण लावून तिनं डबा उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"मी सोमवारी हमजाला सांगेन," शशिकांत म्हणाला. "राजीनामाही देईन."

"आजच सांगा," ती म्हणाली. "तो आत आहे." मग तिनं विचारलं, "आणि तो कुठे आहे? वाजिद?"

"गाडीत."

"उन्हात?"

त्यानं मान हलवली. ती उठली, टोपी सारखी केली. शशिकांत तिच्याबरोबर निघाला तशी ती थांबली. "तुम्ही इथंच थांबा, अंकल," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. अंकल म्हणाली.

तो छपराखाली थांबला. तिथून गाडी दिसत होती. आमिना वाजिदच्या बाजूनं गेली, काचेवर टिचकी मारली. दार उघडलं, वाजिद घाईघाईनं बाहेर आला, मिठाईचा डबा दोन्ही हातांनी धरून. ती काहीतरी म्हणाली. तो काहीतरी म्हणाला. वारा रेंजच्या बाजूला होता, शब्द येत नव्हते. कोणत्या भाषेत बोलत होते तेही कळत नव्हतं. वाजिदनं एकदा लांबवर बोट दाखवलं, निशाणाच्या पाट्यांच्या दिशेला, आणि आमिनानं वळून तिकडे पाहिलं, आणि हसली. तो काय दाखवत होता? शशिकांतनं डोळे बारीक करून पाहिलं. त्याला पाट्या दिसल्या, त्यांमागचा मातीचा बांध दिसला, आणखी काही दिसलं नाही. त्यांनी डबा उघडून गाडीच्या टपावर ठेवला होता आणि दोघं उभ्यानं खात होती. हमजाची खोली डावीकडे, वीसेक पावलांवर होती. गाडी उजवीकडे, तेवढ्याच अंतरावर. गाडी त्याची होती, किल्ली त्याच्या खिशात होती, पण तिच्यापर्यंत जायला आता कुणीतरी बोलवायला हवं होतं. त्यानं हातातला काडतुसांचा डबा काखेत घेतला आणि तो डावीकडे चालू लागला.